हार्लिस कामावर आहे

सॉरेल फोर्कच्या आमच्या रोजगार कचेरीत कामाची वाटणी सरळ होती. माणसं एका टेबलाची, मालक दुसऱ्या टेबलाचे. काम शोधायला आलेला माणूस खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचा. कुठल्या खाणीतून निघालास, हाताला काय येतं, गाडी चालू आहे का, अशी त्याची विचारपूस तिथं व्हायची. आणि ज्यांना माणसं हवीत ते सगळे, लाकडाच्या गिरण्या, कोंबड्यांचे कारखाने, ट्रकवाले, वृद्धाश्रम, हे व्हर्नाचे. ती त्यांच्या दारी जाई, माणूस सुचवी, नवा गडी शिकेपर्यंत त्याचा निम्मा पगार सरकारकडून मिळवून देई, आणि परत आली की जॅकेट न काढता ते सगळं संगणकात चढवी.

सरकारच्या भाषेत याला मालकाला दिलेली सेवा म्हणतात. फोन केला, सेवा. भेट घेतली, सेवा. दर तिमाहीला सगळ्या सेवा राज्याच्या राजधानीला जातात आणि तिथून वॉशिंग्टनला. मी दारातल्या टेबलाशी बसते, येणाऱ्याला नाव विचारते, त्यामुळे मला हे सगळं ऐकून ऐकून पाठ झालेलं.

"काल गिरणीवाला आर्विल शिंकला," व्हर्ना मला म्हणायची, "मी म्हटलं, देव भलं करो. चढवू का गं, ज्युनेल? आरोग्यसेवेत बसेल."

"एकदाच शिंकला की दोनदा?" मी विचारायची.

"दोनदा. म्हणजे ग्राहक परत आला."

पण या सगळ्या मोजण्यांत एक मोजणी सर्वांत थोर. आम्ही दिलेला माणूस वर्षानंतर त्याच मालकाकडं टिकला का? जो टिकला तो मालकालाही पावला आणि आम्हालाही. आता हे बघायला गिरणीत कुणी जात नाही. कुणाला किती पगार दिला हे प्रत्येक मालक तिमाहीला राज्याला कळवतो, आणि आमचा संगणक तिथं डोकावतो. पगार दिसला की माणूस आहे. पगार दिसला नाही की माणूस गेला. इतकं सोपं.

केंटकीच्या या डोंगरांत टिकणं ही काही साधी गोष्ट नव्हे. हरणांच्या शिकारीचा मोसम उघडला की अर्धी गिरणी बंदूक खांद्याला लावून रानात. परत आल्यावर नोकरी असली तर असली. म्हणून त्या वर्षी आर्विलच्या गिरणीकडं पाठवलेला एकूण एक माणूस टिकलेला दिसला, तेव्हा आमचे संचालक गेलन खुर्चीतून उठून उभे राहिले. मालाखाली ठेवायच्या लाकडी पॅलेट ठोकणारी ती गिरणी, धूळ एवढी की खोकताना भुसा पडावा. आणि तिथं सगळे टिकले!

"नाश्ता ठेवायचा," गेलन म्हणाले. "राजधानीहून खात्याच्या बाईंना बोलवायचं. आर्विलला मानचिन्ह. आणि टिकलेल्या प्रत्येकाला नावानं उभं करायचं. टाळ्या वाजू देत त्यांच्यासाठी. आयुष्यात कधी वाजल्यात?"

हे त्यांनी मनापासून म्हटलं होतं. गेलन वाईट माणूस नव्हे. खाणी बंद पडत गेल्या तेव्हा त्यांनी या कचेरीत रडणारे बाप पाहिलेत.

आमंत्रणं संगणकानंच काढली, नाव आणि पत्ता. अमुक आणि परिवार, सन्मानाच्या नाश्त्याला यावं.

ऑक्टोबरातली सकाळ होती. डोंगर लाल आणि पिवळे, खोऱ्यात धुकं, जणू कुणी दूध उतू घालवलंय आणि पुसायचं विसरलंय. अग्निशमन केंद्राच्या सभागृहात आम्ही टेबलं मांडली. चर्चच्या बायकांनी गरम पाव आणि सॉसेजचा पांढरा रस्सा आणला होता. गिरणीतली माणसं धुतलेल्या शर्टांत अवघडून बसली होती, टोप्या मांडीवर. आर्विल पुढच्या टेबलाशी, गळ्यात टाय, चेहरा असा की टाय नव्हे, फास आहे.

मी दारात नावांच्या चिठ्ठ्या देत होते आणि व्हर्ना माझ्या शेजारी उभी राहून सगळ्यांशी हात मिळवत होती. तेवढ्यात एक बाई आत आली. साठीची असेल. निळा झगा, चर्चला घालतात तसा, आणि छातीशी धरलेली एक तसबीर, काच आतल्या बाजूला.

"मी ओवेला नेपिअर," ती म्हणाली. "पलीकडच्या खोऱ्यातनं आले. हार्लिसची बायको."

मी चिठ्ठ्यांत शोधलं. हार्लिस नेपिअर होता. ती चिठ्ठी मी तिला दिली. तिनं ती घेतली, वाचली आणि अंगठ्यानं तिच्यावरून हात फिरवला.

"केवढं छान छापलंय," ती म्हणाली. मग तिनं तसबीर उलटी केली. खाणीचं शिरस्त्राण काखेत धरून हसणारा एक रुंद माणूस. "हे पुढं कुठं ठेवता येईल का गं, पोरी? म्हटलं, त्याच्याबद्दल बोलाल तेव्हा लोकांना चेहरा तरी दिसावा. चर्चमध्ये पाद्रीबुवांनी ठेवला होता तसा. खरं सांगू? मला वाटलं नव्हतं तुम्ही कुणी त्याची आठवण ठेवाल. सरकारी कचेरी, म्हटलं, त्यांना काय. आणि मग ते पत्र आलं. मी पत्रपेटीशीच बसले, रस्त्यावर. शेजारीण धावत आली, तिला वाटलं पडले."

व्हर्नानं तसबिरीकडं पाहिलं, मग त्या बाईकडं. व्हर्नाच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मला दिसलं. ओवेलाचा माणूस मेलेला होता. तिला वाटत होतं, आम्ही त्याचं स्मरण करायला तिला बोलावलंय. आणि आत गेलन माइक हातात घेऊन त्याला जिवंत उभं करणार होते.

"ठेवू ना," व्हर्ना कसंबसं म्हणाली. "ज्युनेल, यांना बसव. पुढं नको. इथं, दाराजवळ. चहा… नाही, कॉफी. कॉफी दे."

मी ओवेलाला बसवलं, तसबीर शेजारच्या खुर्चीवर टेकवली. तिच्या हातात कप दिला. तोवर व्हर्ना टेबलांमधून वाट काढत आर्विलपर्यंत पोचली होती, आणि मी साखरेचं निमित्त करून तिच्या मागं.

"आर्विल, हार्लिस नेपिअर वारला?"

"हो की." आर्विलनं काटा खाली ठेवला. "मार्चात. रविवारी, आपल्याच खुर्चीत. हृदय. त्याची शवपेटी उचलणाऱ्यांत मी होतो."

"आणि मला सांगितलं नाहीस? दर तिमाहीला फोन करते मी तुला!"

"तू काय विचारतेस?" आर्विल खरोखरच गोंधळला होता. "आर्विल, कुणी काम सोडलं का. आर्विल, कुणाला काढलंस का. हार्लिसनं सोडलं नाही, व्हर्ना. मी काढलं नाही. मी नाही म्हणालो. तू म्हणालीस, छान, आणि फोन ठेवलास."

"पण पगार कसा दिसतो त्याचा? नंतरच्या तिमाहीत?"

"साठलेल्या रजेचा. ओवेला न्यायला येईना. मग एक दिवस मीच डोंगर चढून नेऊन दिला. एप्रिलात, डॉगवूडची झाडं फुलली होती तेव्हा." आणि मग त्याला कळलं. त्याचा हात टायकडं गेला. "अरे देवा. ती आलीय? तुम्ही तिला बोलावलंय?"

मालक व्हर्नाचे, माणसं खिडकीजवळच्या टेबलाची. त्या टेबलावरचा पोरगा वसंतातच लेक्सिंग्टनला चांगली नोकरी धरून निघून गेला होता. त्या खुर्चीत कुणी नव्हतं. मेलेल्याची बातमी यायची वाट तीच, आणि वाटेवर कुणी बसलेलं नाही. पलीकडच्या खोऱ्यातली मयत आमच्या वर्तमानपत्रात येत नाही.

व्हर्ना मंचाकडं धावली म्हटलं तरी चालेल. पण गेलन बोलायला लागले होते. राजधानीहून आलेल्या बाई शेजारी बसून मान डोलवत होत्या. व्हर्नानं हातानं खूण केली, थांब. गेलननं हसून हातानंच उत्तर दिलं, थांब. त्यांना वाटलं, रस्सा संपत आलाय.

"टिकणं म्हणजे काय ते या माणसांना विचारा," ते माइकवर म्हणत होते. "पहाटे अंधारात उठायचं, बर्फ पडू दे नाहीतर हरणं दारात येऊन उभी राहू देत…"

हशा पिकला.

"गेलन," व्हर्ना मंचाखालून दबक्या आवाजात म्हणाली, "एक नाव गाळ. नेपिअर. नेपिअर गाळ."

"नेपिअर?" गेलननं कागदावर बोट फिरवलं. त्यांना नीट ऐकू गेलं ते फक्त नाव. त्यांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, ती म्हणतेय, आधी याला घे. "व्हर्ना म्हणतेय, सुरुवात इथून. मग इथूनच! हार्लिस नेपिअर! खाणीतला माणूस, मंडळी. खाण बंद झाली, पण माणूस बंद झाला नाही. आर्विलच्या गिरणीत वर्ष उलटलं आणि आजही कामावर आहे. कुठं आहेस, हार्लिस? ऊठ बाबा. लाजू नकोस."

टाळ्या वाजल्या. गिरणीतल्या माणसांच्या टेबलावर मात्र कुणाचा हात हलला नाही. तिथं एकाच्या हातातला पाव रश्श्यात पडला आणि तसाच राहिला. बाकीचं सभागृह माना वळवून शोधत होतं, कोण उठतंय, कुठून उठतंय. माना हळूहळू दाराकडं वळल्या, कारण उशिरा येणारा माणूस दारातूनच येतो.

आणि ओवेलानंही मान वळवली.

मी तिच्या अगदी जवळ होते. कप तिच्या हातात, आणि ती खुर्चीतून अर्धी उठून मागं वळून दाराकडं बघत होती. डोळ्यांत अशी काही आस, की मला वाटलं, आता ते दार उघडलं तर मी किंचाळेन. शहाणी बाई, जिनं त्याचे डोळे मिटले, जिनं त्याच्यावर माती लोटलेली पाहिली, ती एका माइकवरच्या आवाजासाठी दाराकडं वळली.

दार उघडलं नाही.

टाळ्या एकेक करून विझल्या. आर्विल उभा राहिला.

"गेलन, तो वारला. मार्चात."

गेलनच्या हातात कागद होता. त्यांनी आर्विलकडं पाहिलं, कागदाकडं पाहिलं. आणि माइक तोंडापासून दूर न नेता म्हणाले,

"पण… आमच्याकडं तर तो कामावर आहे."

राजधानीच्या बाईंनी हात तोंडावर ठेवला. गेलननं माइक टेबलावर आडवा ठेवला आणि तो घरंगळून खाली पडला, मोठ्यानं. कुणी उचलला नाही.

ओवेला पूर्ण उभी राहिली होती.

"तुमच्याकडं आहे?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मला बघू दे."

व्हर्ना तिला मागच्या स्वयंपाकघरात घेऊन गेली. तिचा लॅपटॉप तिथं ओट्यावर होता, भांड्यांच्या ढिगाशेजारी. मला जायचं नव्हतं, पण ओवेलानं माझं मनगट धरलं होतं आणि ती ते सोडत नव्हती.

व्हर्नानं आर्विलच्या गिरणीचं पान उघडलं, मग पाठवलेली माणसं. हार्लिस नेपिअरच्या नावापुढं हिरवी खूण. टिकला.

ओवेलानं चष्मा लावला. बोट पडद्यावर टेकवलं, खुणेच्या बरोबर खाली.

"हे हार्लिस?"

"हो."

"खाण बंद झाली त्यानंतर तो पडवीत बसायचा," ती पडद्याशीच बोलत होती. "नुसता. उन्हाळा गेला, दुसरा उन्हाळा आला. मी म्हणायची, अरे, निदान कोंबड्यांना तरी हाक मार. मग तुमच्याकडं कुणीतरी पोरगा होता, त्यानं याला गिरणीत धाडलं. पहिल्या दिवशी मी डबा भरला तर हा डबा घेऊन रडला. पॅलेट ठोकायला जातोय आणि रडतोय! म्हटलं, वेड्या, लग्नात नाही रडलास, आता रडतोस? संध्याकाळी केसांत भुसा घेऊन यायचा. मी म्हणायची, आता घरात लाकूड नको, हा झटकला तरी चूल पेटेल."

आमच्याकडं खाणवाल्यांच्या बायकांचं एक गाणं आहे, धुणं पिळताना म्हणतात:

*डोंगराच्या आड गाव, गावाआड खाण,*
*खाणीनं गं नेला श्वास, मागं राहिला प्राण.*
*प्राण बसे पडवीला, काम नाही हाती,*
*हाताला दे काम देवा, मग दे रे माती.*

ओवेला ते गात नव्हती. पण ती बोलत होती ती चाल तीच होती, आणि व्हर्नानं तोंड फिरवून भांड्यांकडं पाहिलं.

"मला माफ करा," व्हर्ना म्हणाली. "मी आजच्या आज दुरुस्त करते. फक्त मला मृत्यूच्या दाखल्याची प्रत लागेल. त्याशिवाय काढता येत नाही."

"काढता म्हणजे? कुठं ठेवतेस त्याला मग? सोडून गेलेल्यांत?"

"नाही, नाही. सोडून गेलेल्यांत नाही. वारलेला माणूस कशातच धरत नाहीत. टिकलेल्यांत नाही आणि गेलेल्यांतही नाही. मोजणीतून पूर्ण बाहेर."

"मग पाठवलेल्यांत?"

अशी नावं व्हर्नानं किती वेळा काढली असतील, आणि असं कुणी विचारलं नव्हतं.

"पाठवलेल्यांतूनही जातो," ती हळूच म्हणाली. "नियमच तसा आहे. म्हणजे मालकाचं वाईट दिसू नये. कचेरीचंही."

"म्हणजे हार्लिसला तुम्ही पाठवलाच नव्हता."

"कागदावर…"

"तो गिरणीत गेलाच नव्हता. तो पडवीतच बसला होता." ओवेलानं चष्मा काढला. आता तिचा आवाज चढला. "मघाशी माझ्या मेलेल्या नवऱ्याला तुम्ही जिवंत केलंत. मला वाटलं, याहून वाईट काय असेल! आणि आता तू म्हणतेस तो जगलाच नाही?"

तेवढ्यात राजधानीच्या बाई दारात आल्या. फार मऊ आवाज त्यांचा. "मिसेस नेपिअर, मी किती शरमिंदी आहे ते सांगता येत नाही. तुम्ही त्रास घेऊ नका. दाखला नुसता पोस्टानं पाठवा, आम्ही लगेच सगळं नीट करू."

"दाखला घरी बायबलात आहे," ओवेला म्हणाली. "लग्नाच्या कागदाशेजारी. तो तिथंच राहील."

"पण बाई, खरं काय ते तर…"

"खरं? खरं मी सांगते, लिहून घे." ती राजधानीच्या बाईंना एकेरीवर आली होती आणि त्या बाईंनाही ते वावगं वाटलं नसावं. "हार्लिस नेपिअर कामाला लागला, आणि मरेपर्यंत कामावर होता. शनिवारी गिरणीतून आला, रविवारी गेला. आहे का याला जागा? दाखव. बोट ठेवून दाखव, कुठल्या चौकोनात."

बाईंनी व्हर्नाकडं पाहिलं. व्हर्नानं पडद्याकडं. तिनं खरंच शोधलं, वरपासून खालपर्यंत, जणू आजवर नजरेतून सुटलेला एखादा चौकोन सापडेल.

"नाही," ती म्हणाली. "जागा नाही."

"मग जागा करा. करा आणि मला पत्र घाला, दाखला मी स्वतः आणून देते. तोवर त्याला हात लावायचा नाही. तोवर तो तुमच्याकडं कामावर आहे."

"मी नाही लावणार," व्हर्ना म्हणाली. राजधानीच्या बाईंनी मान खाली घातली.

मला वाटलं, ओवेला आता घरी जाईल. कुणीही गेलं असतं. पण तिनं माझं मनगट सोडलं, झगा सारखा केला आणि सभागृहात परत आली. दाराजवळच्या खुर्चीवरनं तसबीर उचलली, पण तिथं बसली नाही. थेट गिरणीवाल्यांच्या टेबलाशी गेली. त्यांनी न सांगता सरकून जागा केली, आर्विलनं खुर्ची ओढून दिली. कुणीतरी तिच्यापुढं ताटली ठेवली.

गेलन मंचावर तसेच उभे होते, अंगातली हाडं काढून घेतल्यासारखे. "आपण… आपण इथंच थांबू या," ते म्हणाले.

"का?" ओवेला बसल्या जागेवरून म्हणाली. "बाकीच्यांनी काय केलंय? वाच."

गेलननं कागद उचलला. त्यांनी पुढचं नाव वाचलं आणि नाव वाचून थांबले, मान वर करून, घाबरून. त्यांच्याबरोबर आम्हीही थांबलो. काटे, कप, माणसं, सगळं थांबलं. एका साध्या नावाची एवढी धास्ती मी कधी पाहिली नव्हती. मागच्या टेबलाशी खुर्ची सरकली आणि एक काटकुळा माणूस टोपी चुरगाळत उभा राहिला.

"हाय मी," तो म्हणाला. "आहे."

ओवेलानं सगळ्यांआधी टाळी वाजवली. गेलननं पुढचं नाव वाचलं, आणि सभागृह पुन्हा श्वास रोखून बघायला लागलं, कुणी उठतंय का.